काकूंचं आटोपशीर घर

शिवणकाम करणाऱ्या काकूंचं दोन खोल्यांचं घर बघून गल्लीतल्या बायका तोंडात बोटं घालत. ना माळ्यावर अडगळ, ना पलंगाखाली ट्रंक. हे जमतं तरी कसं, याचं उत्तर मात्र त्याच बायकांच्या घरांत पडलेलं होतं.

काकू वस्तू टाकून देत नसत, वापरायला देत. "तुमच्याकडे राहू दे गं, लागली तर मागेन," असं इतक्या गोड आवाजात म्हणत, की समोरची बाई वस्तू उचलून न्यायची आणि वर आभारही मानायची. शिडी अशीच शेजारणीकडे गेली, जादा गाद्या नणंदेकडे. मग काकांची आरामखुर्ची कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानात गेली. काका बिचारे हूं की चूं करत नसत.

हल्ली मात्र ते संध्याकाळी फिरायला म्हणून जात आणि जेवायची वेळ टळली तरी परतत नसत. एकदा काकू तणतणत शोधायला निघाल्या. पाहतात तर काय, काका सायकलवाल्याच्या दुकानात त्याच आरामखुर्चीत पाय पसरून, आपल्याच जुन्या रेडिओवर गाणी ऐकत पडलेले. डोक्यावर गरगरणारा पंखाही ओळखीचाच. आता बोला!

"अहो, घरी यायचं नाही का?" काकू कडाडल्या.

"घरीच तर बसलोय!" काका म्हणाले.

काकूंनी भोवताली नीट नजर फिरवली. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून निमूट त्यांच्याशेजारी बसल्या. तेही घरचंच होतं.