वाताचा भलताच अर्थ

"स्टिरॉइड वाढव," सर म्हणाले. "जुना संधिवात बळावलाय. अजून काय?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात मी ज्युनिअर डॉक्टर होते. समोर गोराईच्या हिराबाई कोळीण. संधिवाताने बोटं वाकलेली, पण आता खुर्चीतून उठताही येत नव्हतं. मुलाने आणि सुनेने काखेत हात घालून आणलं होतं.

"बाय, मी आता कायमची खाटेवरच का गं?" त्यांनी मला विचारलं.

पण सरांचं मला पटेना. संधिवातात सांधे सुजतात. इथे सांधे शांत होते. शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट, ईएसआर, तीही जवळपास नॉर्मल. नडगीवर मात्र नुसतं बोट दाबलं तरी बाई कळवळत होत्या.

"सर, सांधे नाही, हाडं दुखतायत. मऊ पडली असतील."

"कोळणीची? उन्हात बसून मासे विकणारी बाई ती! काहीतरीच तुझं."

मुद्दा बिनतोड होता. मी हिराबाईंनाच विचारलं, "बाजारात किती वेळ बसता?"

"बाजार कवाच सुटला. डाक्टर बोलला ना, वात हाय. मंग सून वारा लागू देत नाय. खिडकी बंद, वर गोधडी. म्हावरंबी बंद. वाताला चालत नाय बोलतात."

वात म्हणजे वारा! आमचा एक शब्द घरच्यांनी मनोभावे पाळला होता. ऊन नाही, मासे नाहीत, मग व्हिटॅमिन डी येणार कुठून? ते नसलं की हाडात कॅल्शियम भरत नाही, हाड मऊ पडतं. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. त्यात स्टिरॉइड वाढवलं असतं तर हाडांची वाटच लागली असती.

एक्स-रे काढला. मांडीच्या हाडात लूझर झोन, म्हणजे मऊ हाडात पडणाऱ्या फटी, स्पष्ट दिसत होत्या. नुकतीच धुतलेली ओली फिल्म घेऊन मी सरांकडे धावलेच.

सरांनी ती उजेडात धरली. मग म्हणाले, "व्हिटॅमिन डी सुरू कर."

संधिवाताच्या गोळ्या होत्या तशाच ठेवल्या. जोडीला व्हिटॅमिन डीची इंजेक्शनं, कॅल्शियम आणि रोज ओट्यावर ऊन. सुनेला बजावलं, "खिडकी उघड गं, आणि म्हावरं खायला घाल."

काही महिन्यांनी सर ओपीडीत शिरले, तशा हिराबाई कुणालाही न धरता बाकावरून उठल्या.

"सायेब, तुमी बसा!"

सर खरंच बसले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

एकाच पेशंटला दोन आजार असू शकतात. पहिल्याचं नाव मोठं असलं, की दुसऱ्याची कोणी चौकशी करत नाही.