पाचवा ड्रमर

नाशिकरोडला आमचा मिक्सर दुरुस्त करणारा माणूस कॅनडातल्या एका कर्कश मेटल बँडचा इतिहास सांगतो. गाणं कधीच ऐकवत नाही, म्हणून मला तो पक्का थापाड्या वाटायचा.

"ड्रमर चार बदलले, साहेब. या संगीतात मोठा ड्रम दोन्ही पायांनी पेडल मारून वाजवतात, खरा वेग पायात लागतो." परवा म्हणाला, "पाचवा दोनच महिने टिकला. त्याचं नाव कुठंच छापलं नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?" मी पकडलंच त्याला.

तो मान खाली घालून सोल्डरिंग करत राहिला. तेवढ्यात बशीतले स्क्रू थडथडायला लागले. मी वाकून पाहिलं. टेबलाखालच्या फळीवर त्याच्या दोन्ही टाचा पिसाटासारख्या आपटत होत्या. हात मात्र तसूभरही हलत नव्हता.