डोक्यावरचं ढेकूळ

बोरडोहचे नत्थुजी दिसायला अगदी साधे. उंची बेताची, आवाज बारीक. चारचौघांत बोलायची वेळ आली की पागोट्याचं टोक चाळवत बसायचे. तरी अकोल्यापासून मूर्तिजापुरापर्यंत कुठंही दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं, की माणसं त्यांनाच बोलवायला येत. कारण नत्थुजी शीव चालत.

शीव चालणं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. दगड हललेले असले, कागद जुळत नसले, की दोन्ही गावचे पंच मिळून एक माणूस ठरवत. त्यानं आंघोळ करून ओलेत्यानं उभं राहायचं, आपल्या वावरातलं मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, आणि खरी शीव जिथून जाते तिथून अनवाणी चालायचं. तो चालेल ती शीव. मग सव्वा महिना दोन्ही गावं त्याच्या घराकडे बघत. तेवढ्या दिवसांत घरात माणूस दगावलं, बैल पडला, कडब्याच्या गंजीला आग लागली, तर तो खोटा चालला असं ठरे. काही झालं नाही, तर शीव कायमची. ती फिरवायची तर त्याच माणसानं त्याच जागची माती डोक्यावर घेऊन पुन्हा चालायला हवं, असा रिवाज. नत्थुजी दोनदा चालले होते, त्यांचे वडील तीनदा. पाचही वेळा घरातली शेळीसुद्धा शिंकली नव्हती.

नत्थुजींवर तिसऱ्यांदा चालायची वेळ आली ती आगगाडीमुळे.

त्या वर्षी समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती. तिकडचा कापूस येईना, म्हणून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे तोंड करून बसल्या होत्या. अमरावतीहून, बाळापुराहून कापसाच्या गाड्यांच्या रांगा निघत आणि पावसाळ्यात आसापर्यंत चिखलात रुतत. इंग्रजाला रूळ हवे होते, तेही लवकर. पण वऱ्हाडाला तेव्हा दोन धनी. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजाचा. त्यात बोरडोहच्या शेजारचं निंबखोरी गाव हैदराबादच्या एका सरदाराच्या जहागिरीत उरलेलं. तिथली काडी उचलायची तर हैदराबादचा हुकूम लागे.

दोन गावांच्या मध्ये एक उंच माळ होता. आगगाडीच्या गोऱ्या साहेबानं दोन ठिकाणी झेंड्या रोवल्या. एक ओळ माळावरून, दुसरी खालून, बोरडोहच्या वावरांमधून. माळ बोरडोहचा ठरला तर गाडी माळावरून जाणार. निंबखोरीचा ठरला तर हैदराबाद तो देणार नाही, म्हणजे गाडी खालून. दोन्ही सरकारांनी आपापले कागद काढले. इकडच्या कागदात माळ इकडे, तिकडच्यात तिकडे.

जहागिरीचा कारभार बघणारे नायब म्हातारे होते. निंबाखाली सतरंजीवर बसून ते इंग्रजांच्या तहसीलदाराला म्हणाले, "कागज पे दिया हुवा मुल्क कभी ना कभी वापस आता, तहसीलदार साब. जिस में लोहा गड गया, वो नहीं आता."

तहसीलदार हसला. "अहो, त्या माळावर बोरीशिवाय काही उगवत नाही. त्याच्यावर तुमचा एवढा जीव?"

"मेरा कायका? मेरे सरकार का. आप का बी आप का कहाँ है?"

शेवटी ठरलं, जुनी रीत. कोणीतरी चालावं.

निंबखोरीच्या बाजूनं बोलायला खुशालराव उठले. माळाच्या पायथ्याशी त्यांचं एकुलतं एक वावर होतं. ते पाळण्यात असताना बाप गेला, त्यामुळे शीव दाखवणारं त्यांना कोणी उरलं नव्हतं. ते आणि नत्थुजी लहानपणी त्याच माळावर ढोरं चारत.

"आमच्याकडून बी नत्थूच चालन," खुशालराव म्हणाले. "दुसरा कोनी नाई पायजे."

नत्थुजींना खरी शीव ठाऊक होती. खिरणीच्या जुन्या झाडापाशी ती डावीकडे वळते, बोरडोहच्या अंगानं. तिथं दगडाखाली शिवेची खूण म्हणून पुरलेला कोळसा वडिलांनी त्यांना उकरून दाखवला होता. माळ निंबखोरीचा. अख्खा.

चालायच्या आदल्या दिवशी मनकर्णा, त्यांची बायको, चुलीपुढून उठली नाही. तव्याकडे बघतच म्हणाली, "अवो, खालची झेंडी कोठं रोवली, पाह्यली का तुमी?"

"पाह्यली."

"शकूच्या उशाशी हाये."

शकुन त्यांची एकुलती मुलगी. चौथ्या वर्षी देवीच्या साथीत गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पण काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात लेकरू कसं ठेवावं? म्हणून नत्थुजींनी वावराचा मुरमाड कोपरा धरला होता. तिथं जमीन फाटत नाही.

"उद्याची माती मी आनतो," मनकर्णा म्हणाली. "तुमी नोका जाऊ."

कुठून आणणार, हे नत्थुजींनी विचारलं नाही. सकाळी पंचांसमोर ढेकूळ हातात आलं तेव्हा त्यांना कळलं. ते काळं नव्हतं. तांबूस होतं, खरखरीत.

दोन्ही गावं मागं थोडं अंतर ठेवून चालत होती. ओल्या केसांनी ढेकूळ भिजू लागलं. खिरणीपाशी नत्थुजी थांबले. एक खडा निसटला आणि मानेवरून पाठीत उतरला. पाठुंगळी घेतलं की शकू अशीच मानेत बोट घालायची. नत्थुजी उजवीकडे वळले.

मागून दोन्ही गावंही वळली. माळाला वळसा घालून, निंबखोरीच्या अंगानं, खुशालरावांचं वावर बोरडोहात घेत ते नाल्यापर्यंत गेले आणि ढेकूळ उतरवलं. खुशालराव पुढे आले. नत्थुजींना वाटलं, आता हा गचांडी धरणार. पण खुशालराव त्यांच्या पाया पडले, शीव चालणाऱ्याच्या पडतात तसं.

मग सव्वा महिना सुरू झाला. नत्थुजी गोठ्यात बसून राहत. बैलानं कान हलवला तरी उठत. मनकर्णा खोकली की त्यांचा घास हातात राही. शेजारचा सहदेव एकदा कुडावरून डोकावून म्हणाला, "काहून जी, बैलाले एवढं निरखून पाहून राहिले? लगन लावाचं हाये काय त्याचं?"

बैलाला काही झालं नाही. मनकर्णेला काही झालं नाही. गंजी तशीच उभी होती. सव्वा महिना सरला त्या दिवशी मनकर्णेनं पुरण घातलं, आणि तेव्हा नत्थुजींना पहिल्यांदा खरी भीती वाटली. खोट्यालाही जर काही होत नाही, तर आधीच्या पाच वेळा काय होतं? बापानं दाखवलेल्या शिवा, लोकांनी मानलेल्या शिवा, त्या सगळ्या कशावर उभ्या होत्या?

दोन वर्षांनी माळावर काम आलं. खुशालरावांचं वावर रुळांच्या पट्ट्यात गेलं आणि ते दुसऱ्याच्या शेतात सालानं राहू लागले. पुढे नाल्याजवळ मोठा भराव घालायचा होता. त्या दिवसांत नत्थुजी कापसाची गाडी घेऊन अकोल्याला गेले होते. तीन दिवसांनी परतले, तर लांबूनच दिसलं. बायांची एक लांब रांग माळाच्या कडेनं चालली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर मातीचं टोपलं. ज्या वाटेनं ते चालले होते, तीच वाट. माती तांबूस होती.

मनकर्णा वावराच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्यापुढे पुरुषभर खोल खड्डा.

"काळी माती फुगते, भरावाले चालत नाई," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मुरूमच पायजे. मी म्हटलं त्याइच्या मुकादमाले, अठी आमचं लेकरू हाये. ते म्हने, बाई, निंबखोरीत खनता येत नाई, ते जहागीर हाये. शिवेच्या अलीकडचंच खनाचं, असा हुकूम हाये."

नत्थुजी खड्ड्याच्या काठावर बसले. संध्याकाळी उठले ते थेट निंबखोरीला गेले. खुशालराव परक्याच्या गोठ्यात वैरण टाकत होते.

"खुशाल, मी खोटा चाललो."

खुशालरावांचा हात थांबला. मग ते हसले. "जा बापा. सव्वा महिन्यात तुह्या घरी कुत्रं तरी मेलं काय?"

"नाई मेलं."

"मंग?"

"शीव खिरनीपाशी डावीकडं जाते. माह्या बापानं दाखवली मले. माळ तुमचा होता. तुहं वावर तुहं होतं."

खुशालरावांनी हातातली वैरण खाली ठेवली. "ढेकूळ डोक्शावर होतं तवा तू बोलला ते मी मानलं," ते हळूच म्हणाले. "आता काय हाये तुह्या डोक्शावर? नुसतं पागोटं. ह्या बोलन्याले मी काय मानू?"

"मी पुन्हा चालतो."

"चाल ना. तेच माती आन अन् चाल."

ती माती आता भरावात पडली होती.

"हे पाय नत्थू," खुशालराव म्हणाले. "नायब गेला हैदराबादले. साहेब पुढं गेला. मले बापानं शीव दाखवली नाई, तू दाखवली. तेवढीच मले ठाऊक हाये. ते बी हिसकून घेतं काय गा?"

आणि ते पुन्हा वैरण टाकू लागले.

पुढे गाडी सुरू झाली. ती माळावरून जायची तेव्हा नत्थुजी रोज नाल्याजवळच्या भरावाखाली येऊन उभे राहत आणि पागोटं काढून हातात घेत. गाडी गेली, भराव हादरला, की चार खडे घरंगळत खाली येत. ते वाकून एक उचलत आणि पागोट्याच्या पदरात बांधून घरी नेत. लोक म्हणत, बुढा गाडीले रामराम करते.

घरी कोपऱ्यात एक गाडगं होतं. ते हळूहळू भरत आलं. नत्थुजी कधी त्यातले खडे पाण्यानं भिजवून दोन्ही हातांनी दाबून पाहत. हात काढला की ते पसरत. दूरदूरच्या किती जागांचा मुरूम त्या भरावात पडला होता. त्याचं ढेकूळ होत नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांनी पदर सोडला, तेव्हा मनकर्णा जवळ येऊन बसली. आतापर्यंत तिनं कधी विचारलं नव्हतं.

"याच्यातला तिचा कोन्ता, हे कसं समजते तुमाले?"

"नाई समजत," नत्थुजी म्हणाले.

मनकर्णेनं त्यांच्या तळहातावरचा खडा उचलला, पदरानं पुसला आणि गाडग्यात ठेवला.