खिंडीतला आचका

धरमतरच्या बंदराला मुंबईची बोट लागली, की उतारू बोचकी सांभाळत अलिबागच्या मोटारीकडे धावत. त्यातले जाणते आधी ड्रायव्हर कोण ते पाहत. बुधाजी म्हात्रे असला की निर्धास्त बसत. बुधाजी शहाबाजचा. बापाने त्याच्या हाती नांगर द्यायचा म्हटला, तर हा मुंबईला पळाला आणि एका पारशाची मोटार धुता धुता ती चालवायलाही शिकला. एंजिन बोलतं, आपण ऐकायचं, एवढं एकच तो त्या मोटारखान्यातून शिकून आला, असं तो सांगे. गावी परतल्यावर अलिबागच्या एका शेटने त्याला आपल्या सर्व्हिस मोटारीवर ठेवला.

त्याचा जोडीदार सदा. सामान चढवायचं, हँडल मारून एंजिन सुरू करायचं, टाकीत पेट्रोल गाळून ओतायचं आणि चढणीला मोटार थांबलीच तर फूटबोर्डावरून उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावायचा, हे सदाचं काम. दगड बसला की तो ओरडे, "दादा, लावला!" मग बुधाजी ब्रेकवरचा पाय सैल करी. दोघांचा एकमेकांवर इतका भरवसा होता, की बुधाजी कधी मागे वळून पाहत नसे.

एकोणतीस सालच्या दिवाळीत गिरणीतली माणसं गावी परतत होती. शेटने मोटार ठेचून भरली. वाटेतल्या कार्लेखिंडीच्या शेवटच्या वळणावर चढण आली, तसा बुधाजीने पेट्रोलचा जोर वाढवला. नेहमी अशा वेळी मोटार गुरगुरून उचल खाई. त्या दिवशी तिने आचका दिला. पुन्हा जोर दिला, पुन्हा आचका. मरायला टेकलेलं माणूस श्वास ओढतं तसे दोन-तीन आचके देऊन एंजिन बंद पडलं. मोटार मागे सरू लागली. सदाची उडी पडली, त्याचे पाय धप्पकन तांबड्या मातीवर वाजले, आणि हाक आली, "दादा, लावला!"

बुधाजीने ब्रेकवरचा पाय सैल केला, पण दगड ओझ्याने घसरला. मोटार आपल्या लांबीएवढी मागे गेली आणि दरडीला टेकून थांबली. उतारूंपैकी कोणाला खरचटलंही नाही. चाक आणि दरड यांच्यामध्ये सदा होता.

सुतक सरलं, मोटार पुन्हा धावू लागली. सपाटीवर ती पोयनाडपर्यंत घोड्यासारखी पळे. खिंडीतलं ते वळण आलं आणि जोर दिला, की तिथेच, तोच आचका. कोंडाजी नावाचा एक सुपारीचा व्यापारी आठवड्यातून दोनदा या मोटारीने जाई. तो एकदा हळूच म्हणाला, "बुधाजी, सदा धरतो रे गाडी. त्याला काही दे."

कोंडाजीने स्वतःच खाली उतरून जवळचा नारळ फोडला, कडेला गुळाची शेरणी ठेवली, हात जोडले. बुधाजीने हँडल मारलं, तर मोटार पहिल्याच फेऱ्याला सुरू! उतारूंनी सदाच्या नावाने हात जोडले. तेव्हापासून रिवाजच पडला. आचका, नारळ, सदाचं नाव, की मोटार सुटे.

बुधाजीने काय करायचं ठेवलं नाही! प्लग बदलले, तारा बदलल्या, ठिणगी पाहिली, कार्बुरेटर खोलून फुंकला. चढावर पेट्रोल मागे राहतं म्हणून टाकी भरलेली ठेवली. सगळं ठाकठीक, आणि आचका जागच्या जागी. दर वेळी एंजिन गुदमरलं की त्याचे कान मागे लागत. मागे कोणी नसे. तरी त्याला पाय वाजल्याचं ऐकू येई आणि तो ब्रेकवर इतका जोर देई की रात्री पोटरीत गोळे येत. शेटने दुसरा क्लीनर देऊ केला. बुधाजी नको म्हणाला. दगड आता तो स्वतः लावी.

चैत्रात एकदा नारळच घ्यायचा राहिला. खालच्या गावातून आणायला एक उतारू गेला, बाकीचे झाडाखाली बसले. तो परतायच्या आत बुधाजीने सहज हँडल मारलं. मोटार सुरू झाली.

"आज नुसत्या आठवणीनंच खूश झाला," कोंडाजी म्हणाला.

बुधाजीने मोटार पुढे काढली. अलिबाग येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. नारळ फोडला नाही, तरी सुटली. मग सुटली कशाने? थांबल्याने. नारळ फोडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मोटारीला काहीतरी हवं होतं.

बोट नसलेल्या एका दिवशी त्याने माणसांच्या वजनाइतकी भाताची पोती मोटारीत भरली आणि भर दुपारी एकटाच खिंड चढू लागला. वळणावर जोर दिला. आचका आला. त्याने ब्रेक आवळला, उतरून चाकाला दगड लावला. दगड बसला तेव्हा "लावला" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं.  वेळ न दवडता त्याने कार्बुरेटरकडे जाणारी नळी सोडवली. टाकी भरलेली, आणि नळीतून थेंब थेंब पेट्रोल! तो बघत राहिला. थोड्या वेळाने, कोणी हात लावला नसताना, धार मोठी झाली आणि त्याच्या मनगटावरून वाहू लागली.

म्हणजे दोष एंजिनात नव्हता, टाकीत होता. मोटार घरी आणून त्याने पुढच्या बाकाखालची टाकी काढली, उपडी केली, हलवली. तोंडाशी बोटभर रुंदीची चिंधी आली. पेट्रोल गाळायच्या फडक्याचा फाटलेला तुकडा. एरवी तो टाकीत तरंगे. चढावर एंजिन जास्त पेट्रोल ओढू लागलं, की तो तळच्या भोकावर जाऊन चिकटे. मोटार थांबली, ओढ सरली, की आपसूक सुटे.

पेट्रोल कधी सदा गाळी, कधी बुधाजी. तुकडा कोणाच्या हातून आत गेला, हे कळायला आता वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोटार खिंड एका दमात चढली. उतारू चकित झाले. बुधाजीला मात्र वळणावर पाय वाजलेले ऐकू आलेच. एंजिन साफ होतं म्हणून उलट जास्तच स्पष्ट.

संध्याकाळी तो सदाच्या घरी गेला. सदाची बायको केसर खळ्यात सुकट निवडत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

केसरने सुपातला हात थांबवला. मग म्हणाली, "म्हंजे दिवालीला बी तीच चिंधी व्हती?"

"व्हय, वयनी."

"भूत न्हाय, काय न्हाय. चिंधी."

बुधाजीने मान खाली घातली. ती रडेल, बोल लावील, म्हणून तो थांबला होता.

"भावजी, लोकांना सांगितलंव?"

"अजून न्हाय. तुला आधी सांगायला आलू."

"मग नका सांगू." तिने सूप बाजूला ठेवलं. "खिंडीत नारल फोरतान, तवा समदी माणसां त्याचा नाव घेतान. शेट बी घेतो. चिंधीनं मेला म्हनाल तर दोन दिस हसतील नि इसरतील. मी एकलीनं किती दिस त्याचा नाव घेऊ?"

 "तुझ्या मनासारखा व्हईल," एवढं म्हणून बुधाजी निघाला.

त्याने शब्द पाळला. चांगली चालती मोटार तो त्या वळणावर स्वतःच्या पायाने थांबवी. उतारू उतरत, नारळ फुटे, सदाचं नाव घेतलं जाई. लोक म्हणत, बुधाजीने सदाची समजूत घातली, आता तो नुसता मान घेतो. बुधाजी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसे आणि नारळाचा आवाज होईपर्यंत दुसरा आवाज ऐके. शेटच्या दुसऱ्या मोटारींच्या टाक्या तो कोणाला न सांगता तपासून येई आणि गाळायची फडकी स्वतः शिवून देई.

चौतीस साली त्याने मोटार सोडली आणि पोयनाडच्या भातगिरणीत एंजिनावर राहिला. पगार कमी होता. का सोडली, असं कोणी विचारलं तर म्हणे, "डोळे अधू झाले." डोळे चांगले होते. गिरणीचं एंजिन चौथऱ्याला बोल्टांनी जखडलेलं होतं, दिवसभर धडधडे आणि जागचं हलत नसे. दुपारी गिरणी बंद झाली की तो तिथेच पोत्यावर आडवा होई, आणि बायको भाकरी घेऊन आली तरी त्याला जाग येत नसे.