परमुलखाचा रकाना

कॉलेजच्या कचेरीत पाच वर्षं कारकुनी केली की किस्से साठतात, पित्तासारखे. सांगून टाकले की जरा बरं वाटतं. तुम्ही खुशाल हसा. सुरुवातीला मीही हसलो होतो.

*

दुसरी मोठी लढाई संपली आणि सांगलीच्या आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी ठरवलं, कॉलेज वाढवायचं तर परमुलखातून विद्यार्थी आणायचे! गोवा, ब्रह्मदेश, आफ्रिका, जिथं म्हणून आपला माणूस पोटासाठी गेला होता तिथं पत्रं धाडली. पत्रं मी लिहिली, तिकिटं मी चिकटवली. उत्तर एकच आलं, मोंबासाच्या एका रेल्वे फिटरचं. "मुलगा शंकर आपल्या कॉलेजात घालतो. तो मॅट्रिकसाठी तिकडंच आहे, कडेगावला, आजोबांजवळ."

म्हणजे तिकीट आफ्रिकेचं आणि पोरगा शेजारच्या जिल्ह्यातला!

*

होस्टेलात पोरांनी शंकरला घेरलं. "सिंव्ह बगितलास का रं?"

"बगितला की."

"कुटं?"

"हितंच गड्या, सांगलीत. सर्कशीत!"

साहेबांनी मात्र माहितीपत्रकात त्याचं नाव ठळक छापलं.

*

मग युनिव्हर्सिटीची कमिटी यायची ठरली. वरचे वर्ग चालू ठेवायची परवानगी तिच्या हातात. साहेबांना घाम फुटला, कारण रजिस्टरातल्या परमुलखाच्या रकान्यात एकटा शंकर. मी म्हटलं, "साहेब, सांगली एक संस्थान, औंध दुसरं. म्हणजे परराज्यच!" औंधच्या हद्दीतल्या जवळपासच्या गावांतली तेरा पोरं एका फटक्यात परदेशी केली.

कमिटीच्या म्हाताऱ्या सभासदानं त्यातल्या एकाला कौतुकानं विचारलं, "एवढ्या लांबून कसा आलास, बाळ?"

"सायकलवर, सर. वारं लय हुतं."

साहेब नंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

पुढं संस्थानं विलीन झाली. ज्या दुपारी बातमी पक्की झाली त्या दुपारी साहेब रजिस्टर उघडून बसले होते. "देशमुख, आपले तेरा परदेशी विद्यार्थी देशी झाले हो!"

राहता राहिला शंकर.

*

आणि त्याच वर्षी मोंबासाहून बापाचं पत्र आलं. तिकडं नवा कायदा झाला होता. तिथं जन्मलेल्याला परत घेणार. बाकीच्यांना नवा परवाना, आणि तो मिळेलच याचा भरवसा नाही. आई-बाप, धाकटी बहीण, सगळी तिकडं. शंकर मॅट्रिकला आला तो आईच्या पासपोर्टावर. आता स्वतःचा काढायचा, आणि बोट आठ दिवसांवर.

पोरगा जन्मलेला मोंबासाचाच. पण तिथं नोंद कुणी केलेली नव्हती, आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ होतं कडेगाव! दाखल करताना मास्तरांनी विचारलं होतं, आजोबांनी गावाचं नाव सांगितलं होतं. आपल्याकडं दुसरं सांगतं कोण? आमच्या रजिस्टरात तेच मी उतरवलं, न विचारता. आजही त्याची लाज वाटते.

साहेब आधी म्हणाले, "तो गेला तर रकान्यात काय लिहायचं?" मग शंकरच्या तोंडाकडं बघून स्वतःच अर्ज लिहायला बसले.

उपाय एकच होता. घरच्या वडीलधाऱ्यानं मॅजिस्ट्रेटपुढं शपथेवर जन्मस्थळ सांगायचं.

*

आजोबा पलटणीतले पेन्शनर. कोटावर बिल्ले लावून आले, ताठ उभे राहिले, शपथ घेतली.

"नातवाचा जन्म कुठला?"

"कडेगाव."

मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारलं, "आबा, गाव नाही विचारलं. आई बाळंत कुठं झाली?"

"बाळंत ती तिकडं झाली. म्हनून त्याचं गाव बदलतं व्हय, सायेब? धा पिढ्या कडेगावात ऱ्हायल्या. शपथंवर खोटं सांगू?"

"हे खोटं नाही, आबा."

"मंग त्या कागदावर कडेगाव ऱ्हाईल का?"

"नाही राहणार."

म्हातारा हलेना. मी पुढं होऊन म्हणालो, "आबा, हे झालं नाही तर शंकरला आईची गाठ पडायची नाही."

त्यांनी शंकरकडं बघितलं. मग टाक उचलला. "लिवा. जन्म मोंबासा." आणि पलटणीत शिकलेली सही केली, एक-एक अक्षर दाबून.

बाहेर आल्यावर शंकर त्यांच्या पायांवर वाकला. म्हाताऱ्यानं त्याला उठवलं, खांद्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला,

"परत येशील तवा वेशीपाशी थांब बरं का. एकदम आत येऊ नगंस. पावण्याला आणाय मी येतो."