रक्त न निघालेला मार

माझा मोठा भाऊ डोकं दुखून मेला.

लोकांना खरं वाटत नाही. डोकं तर सगळ्यांचंच दुखतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आम्ही अमडापूरजवळच्या खेड्यात राहायचो. दादाला लहानपणापासून जखम झाली की रक्त थांबत नसे. हिमोफिलिया हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. रक्त दिसलं की घाबरायचं, एवढंच कळायचं.

त्या दिवशी तो कडब्याच्या गाडीवरून पडला. डोकं चाकावर आपटलं.

आई धावत आली. केस फाकवून फाकवून तिने सगळं डोकं पाहिलं.

"रगत नाही निंघालं रे!"

तिने देवापुढे साखर ठेवली आणि माझ्या नि बहिणीच्या हातावर दिली.

दादा हसला. "पडलो मी, अन् साखर तुमाले?"

दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखायला लागलं. आईने सुंठीचा लेप लावला, कपडा आवळून बांधला. मग उलटी झाली. उजेड सहन होईना.

"दार लोट बे," मला म्हणाला.

नंतर हाक मारली तर ओ देईना.

चिखलीला नेताना बैलगाडीतच गेला. डॉक्टर म्हणाले, रक्त डोक्याच्या आत सांडलं.

आज त्याची तिथी.

आणि आजच सकाळी माझ्या भाचीचा मुलगा ओम सायकलवरून डोक्यावर पडला. त्यालाही तोच आजार आहे.

"मामा, साधं टेंगूळ नाही आलं. काऊन एवढं टेन्शन घेता?" भाची म्हणाली.

"आबा, थोडंसंच दुखून राह्यलं," ओम म्हणाला.



"गाडी काढ पयले!" मी ओरडलो.

दवाखान्यात त्याला आधी फॅक्टरचं, म्हणजे रक्त गोठवणारं, इंजेक्शन दिलं, मग स्कॅनला नेलं. दार अजून उघडलं नाही. मी बाहेर बाकावर बसून हे लिहितो आहे. घाईत लिहितोय, चुका समजून घ्या.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी रक्त दिसायची वाट पाहू नये. डोकं दुखतं म्हणाला की उठा. दुखणं थांबवायची गोळीही मनाने देऊ नका.

दादा, तुझ्या नावाचं पान आज वाढलं नाही. घरी कोणीच नाही, सगळे इथे आहोत.

रागावू नको. पोराचं आधी पाहू दे.

तुझ्या धाकट्याचा नमस्कार.