पुडीबाईंचा खालचा खण

माझ्या सासूबाईंना जगाच्या पोरांची काळजी आहे. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. म्हणजे टोमणा आहेच, पण खरंही आहे. एका संस्थेत त्या पर्यावरण आणि आरोग्य विभागाच्या प्रमुख आहेत. विभाग म्हणजे त्या स्वतः, एक टेबल आणि एक पंखा, आणि पंखा बहुतेक वेळा रजेवर असतो. अकरा वर्षं त्यांचं एकच म्हणणं: शाळांच्या दारा-खिडक्यांना जो तेलरंग लावतात त्यात शिसं असतं, त्याचे पोपडे निघतात, पोरं ते तोंडात घालतात आणि हळूहळू त्यांची डोकी मंद होतात. अकरा वर्षं शाळा समितीचे साहेब लोक त्यांना चहा पाजतात, निवेदन ठेवून घेतात आणि पोच देतात. आमच्याकडे नुसत्या पोचांची एक जाडजूड फाइल आहे.

लोक त्यांना मागून पुडीबाई म्हणतात. त्यांच्या पर्समध्ये एक ब्लेड आणि कागदाचे चौकोनी तुकडे कायम असतात. कुठेही गेल्या की बोलता बोलता खिडकीशी सरकायचं, रंग खरवडायचा, पुडी बांधायची आणि वर लिहायचं, 'शाळा चार, पिवळा, खिडकी'. घरमालकाला विचारायची पद्धत नाही. आमच्या लग्नाची बोलणी करायला माझ्या माहेरी आल्या, तेव्हा निघताना त्यांच्या पर्समध्ये आमच्या दाराची पुडी होती. माझी आई ते अजून विसरलेली नाही.

पुड्या कागदाच्याच. तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने एकदा सुचवलं होतं की बाई, प्लास्टिकच्या बंद होणाऱ्या पिशव्या वापरा, कागदातून भुकटी सांडते. त्यावर त्याला पाऊण तास प्लास्टिकचे दुष्परिणाम ऐकावे लागले. पर्यावरण विभागात प्लास्टिक म्हणजे काय, तत्त्व म्हणजे तत्त्व. आता या पुड्या ठेवायच्या कुठे? संस्थेत काचेचं मोठं कपाट आहे, पण ते अध्यक्षांच्या सन्मानचिन्हांनी भरलेलं, आणि सन्मानचिन्हांना हवा लागते म्हणे. म्हणून पुड्या आमच्या घरी. आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, बिनकुलपाच्या. त्याच खोलीत माझी लेक रांगायला शिकली. हे वाक्य मी आज सरळ लिहिते आहे, पण तेव्हा आम्हा कुणाच्याही डोक्यात ते सरळ शिरलं नव्हतं.

लेकीला घरात ढमी म्हणतात. तेव्हा दीड वर्षाची होती, आणि आजीवर तिचा फार जीव.

तर यंदा समितीला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी सुनावणी ठेवली. नुसतं बोलू नका, आकडे आणा, म्हणाले. सासूबाईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. बालवाड्यांतल्या पंधरा मुलांचं रक्त तपासायचं ठरलं, आणि तुलनेसाठी पाच मुलं 'स्वच्छ' घरांतली. चार त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांची मिळाली. पाचवं कुठून आणायचं? घरात होतंच. आपल्या घराइतकं स्वच्छ घर मिळेल का, असं त्या मला म्हणाल्या. मी सुई टोचायला नको म्हणत होते. मग मला विज्ञान, समाज आणि आईचं कर्तव्य या विषयांवर ऐकवण्यात आलं. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे मूग गिळले. ढमी भोकाड पसरून रडली आणि विसावी बाटली भरली.

अहवाल आला. रक्तातल्या शिशाचा आकडा पाचाच्या वर गेला की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. बालवाडीतली पोरं सात, आठ, नऊ. डॉक्टरांची पोरं दोनाच्या आसपास. आणि विसावी बाटली चौदा. आमच्या घराण्यात आजवर कशात कुणाचा पहिला नंबर आला नव्हता, तो ढमीने काढला.

डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्यावर औषध देत नाहीत. शिसं कुठून येतंय ते शोधा, बंद करा, पोरीला नीट खाऊपिऊ घाला, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. मी विचारलं, तिच्या डोक्यावर परिणाम होईल का. ते म्हणाले, लवकर थांबलं तर बरं. 'बरं' या शब्दावर मी त्या दिवशी घरी चालत आले आणि वाटेत कुठला रस्ता ओलांडला ते मला आठवत नाही.

सासूबाईंनी तपास सुरू केला, आणि पहिली संशयित मी. मी आणलेली खेळणी, मी निवडलेला पाळणा, माझ्या माहेरून आलेली रंगीत बाहुली. सगळ्यांवर ब्लेड फिरलं. बाहुलीचा एक गाल गेला. मग माझं स्वयंपाकघर: डबे, बरण्या, हळदसुद्धा. तीन दिवस मी माझ्याच घरात आरोपी होते, आणि सासूबाई मला हळू आवाजात, अगदी समजुतीने विचारत होत्या की आठव, तू कुठून काही स्वस्तातलं आणलं होतंस का. प्रयोगशाळेतून निरोप आला, कशातच काही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी घर फार शांत वाटलं. दीड वर्षाचं पोर जागं असताना घर शांत असणं चांगलं नाही, हे कुठल्याही आईला कळतं. मी आत गेले. ढमी खालच्या खणासमोर बसली होती. तिने एक पुडी तोंडात धरली होती आणि कागद चोखत होती, मन लावून. आजूबाजूला चार-पाच पुड्या उघडलेल्या. शिशाचा रंग चवीला गोड लागतो, हे सासूबाईंनी शेकडो आयांना भाषणात सांगितलं आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी ढमीचं तोंड धुतलं, तिला ह्यांच्याकडे दिली, आणि ती ओली पुडी सासूबाईंच्या टेबलावर, सुनावणीच्या कागदांवर नेऊन ठेवली. वर त्यांचंच अक्षर होतं. 'शाळा चार, पिवळा, खिडकी.'

त्यांनी पुडीवरचं आपलं अक्षर वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी कारण काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुला विचारलं, स्वस्तातलं काय आणलंस."

त्याच संध्याकाळी दोघींनी मिळून तो खण रिकामा केला, खोली ओल्या फडक्याने तीन वेळा पुसली. त्या गुडघ्यांवर बसून पुसत होत्या, आणि मला त्यांची दया येत होती, आणि दया येते याचाच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष घरी आले. अहवाल त्यांनी पाहिला होता. अत्यंत मृदू माणूस, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची तर आधी खांदा पुसून घेणारा. म्हणाले, तुलनेला चार मुलं पुरेत, विसावी बाटली फुटली म्हणून सांगू. रंगवाल्यांचा वकील येणार आहे, त्याला कळलं की स्वच्छ घरातल्या पोराला जास्त शिसं आहे, तर तो म्हणेल शाळांचा काय संबंध. अकरा वर्षांवर पाणी पडेल. आणि संस्थेचं नाव, ते तर आहेच. सासूबाईंनी मान हलवली. हो की नाही, ते मान बघून कळेना.

मी ह्यांना सांगून टाकलं. ज्या कागदावरून माझी पोर पुसली जाईल, तो कागद वाचणाऱ्या बाईच्या घरात मी पोरीला ठेवणार नाही. बॅग भरली. पण सुनावणी ऐकायची होती, म्हणून ढमीला कडेवर घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसले, बॅग पायाशी.

समितीचे सात जण समोर. चार जागे होते. रंगवाल्यांचा वकील हसतमुख. सासूबाईंनी पंधरा आकडे वाचले, मग चार. मग थांबल्या. अध्यक्षांनी पहिल्या रांगेतून कागद बंद करायची खूण केली. माझा पाय बॅगेला लागला.

"विसावी बाटली माझ्या नातीची आहे," त्या म्हणाल्या. "चौदा."

वकील उठायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं. शिसं शाळेतलंच आहे. शाळा चारच्या खिडकीचं. ते मी घरी आणलं आणि बिनकुलपाच्या खणात ठेवलं. मला अकरा वर्षं माहीत होतं आणि तरी ठेवलं. मग त्या समितीकडे वळल्या.

"माझ्या घरी चिमूटभर रंगाच्या पुड्या होत्या, तर माझ्या नातीचं हे झालं. तुम्ही अख्ख्या खिडक्या ठेवल्यात. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण मग तेच स्वतःलाही म्हणा."

झोपलेले तिघेही जागे झाले. वकिलाने त्या दिवशी विशेष काही विचारलं नाही. समितीने चार शाळांचा रंग ताबडतोब काढायचा ठराव केला आणि बाकीच्यांचा टप्प्याटप्प्याने, म्हणजे सासूबाईंना आणखी पोचा मिळत राहणार. अध्यक्ष आठवडाभर तोंड फुगवून होते. मग एका वर्तमानपत्राने सासूबाईंचं कौतुक छापलं, आणि संस्थेच्या पुढच्या पत्रकात 'आमचा पारदर्शक कारभार' असा त्यांचाच लेख आला, फोटोसकट. काचेच्या कपाटाचा खालचा कप्पा आता पुड्यांना मिळाला आहे, कुलुपासह. पुड्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात. तत्त्वाचं काय झालं, हे मी विचारलेलं नाही.

बॅग मी रिकामी केली. माफ केलं म्हणून नाही, ते मला अजून नीट जमलेलं नाही. त्यांनी माझ्या पोरीला कागदावरून पुसलं नाही, म्हणून.

तीन महिन्यांनी ढमीचा आकडा नऊ आला. डॉक्टर 'बरं' म्हणाले, या वेळी जरा मोकळेपणाने. आता सासूबाई कामावरून आल्या की बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतात, कपडे बदलतात, आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभ्या राहतात. ढमी आजी आजी करत धावते, तर दोन पावलं मागे सरतात. मग माझ्याकडे बघून विचारतात, "घेऊ का?"

काल मी म्हटलं, आई, रोज काय विचारता, तुमचीच नात आहे.

"आजवर कुणाच्या दाराला विचारून हात लावला नाही गं," त्या म्हणाल्या. "आता शिकतेय."

त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले, आधी तळवे, मग मागची बाजू. मी ते हात पाहिले, नखांसकट नीट पाहिले, आणि मग ढमीला त्यांच्याकडे दिली.